तिसरी मुलगी माझ्या नावाची

नाकुरू,
बुधवार, १४ ऑगस्ट

लाडक्या न्योकाबीस ताईचे आशीर्वाद.

इकडे ठीक आहे. शाळा उघडायच्या म्हणून दुकानात गणवेशांचा ढीग पडलाय. तुमच्या न्येरीला गारठा असेल, मुलींना टोप्या घाल. तुझ्या कामाऊची गाय व्याली का?

गाय जाऊ दे. ताईने फोन सोडून पत्र का लिहिलं, म्हणून हसशील. फोनवर मागे तुझ्या मुलींचा गलका ऐकू येतो आणि माझं तोंड मिटतं. धाकटीला तू ओरडत असतेस, "आई, नाक पूस! आई, कोंबडी सोड!" आपल्या आईचं नाव तिला दिलंय, म्हणून ती साऱ्या घराची आई. थोरली मी. ते नाव पुढे न्यायचा मान आधी माझा होता. ती जन्मली तेव्हा बाळंतिणीचे काळे घेवडे मीच शिजवले, तुला भरवले, आणि मागच्या दारी पातेलं घासताना रडले. आनंदाने नाही गं, मत्सराने.

रविवारी तू म्हणालीस, "ताई, पुन्हा दिवस गेलेत. मुलगी झाली तर गाथोनीच, तुझंच नाव!" मी "हो का" म्हणून फोन ठेवला. तुला लागलं असेल.

आता नीट ऐक. मागच्या नोव्हेंबरात माझा पाय सुजला होता, तो शिवणयंत्र चालवून नव्हे. डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं, फेब्रुवारीत पुन्हा तपासलं. माझी चार बाळं पोटातच गेली हे ऐकल्यावर म्हणाल्या, "रोगाशी लढायला अंगात जी फौज असते ना, ती तुमच्या अंगात तुमच्यावरच उलटते. रक्ताच्या गुठळ्या होतात, वारेत अडकतात, बाळाला काही पोचत नाही. तुमच्या सासूबाई म्हणतात तसा शाप-बिप काही नाही." यावर औषध असतं. दिवस राहिल्यापासून रोज एक बारीक गोळी आणि पोटात सुई. बरीच बाळं वाचतात म्हणे.

मी विचारलं, "मग मला?" त्या कागदावरचं माझं वय बघत राहिल्या. सेहेचाळीस. पाळी जाऊन वर्ष झालं होतं.

मग त्यांनी विचारलं, "बहीण आहे? तिच्या पायात कधी गुठळी झाली होती? कधी कधी घराण्यात असतं हे."

न्योकाबी, धाकटी झाल्यावर तुझा पाय केळीच्या खोडासारखा सुजला होता. महिनाभर मीच शेकला. आणि मी म्हणाले, "नाही. ती ठणठणीत आहे."

तेव्हा तुला दुसरा महिना होता. मला ठाऊक होतं.

विसरले नव्हते, घाबरलेही नव्हते. चार बाळं गमावून मला जे कळलं, ते तुला आयतं का मिळावं, असं वाटलं. तुला सगळं आयतंच मिळत आलंय, नवरा, मुली, आईचं नावसुद्धा. मे महिन्यात पाचव्या महिन्यात तुझी मुलगी गेली. आपल्या रीतीने तिसरी मुलगी आत्याच्या नावाची; कामाऊला बहीण नाही, म्हणजे थोरल्या मावशीच्या. ती गाथोनी होती. मी तुझा हात धरून "देवाची इच्छा" म्हणाले, आणि तू माझ्याच खांद्यावर रडलीस.

काल डॉक्टरबाईंकडे जाऊन खरं सांगितलं. भडकल्या. "बहीण आहात की कोण? आजच कळवा तिला!" सोबत त्यांची चिठ्ठी आहे. पाकीट न्येरीला जाणाऱ्या मटाटू गाडीवाल्याच्या हातात देते, संध्याकाळपर्यंत मिळेल. उद्या सकाळीच चिठ्ठी घेऊन जिल्ह्याच्या दवाखान्यात जा, पायाचंही सांग. कामाऊला बरोबर ने. माझ्यावर चिडून घरी बसू नकोस. चिडायला जन्म पडलाय.

मुलगी झाली तर तिला माझं नाव ठेवू नकोस, असं लिहायला हवं. तीनदा लिहिलं आणि खोडलं. मला ते नाव हवंय गं, अजूनही हवंय.

पण आधी ती जगू दे. मग तिला काहीही हाक मार.

तुझ्या पायाची आठवण असूनही गप्प बसलेली,
गाथोनी