चाकांवरचं सोडलेलं घर

३ फेब्रुवारी, उमरगा

अखेर मोटरहोम ताब्यात आलं. पहिल्यांदा असली गाडी घेणारी माणसं काय विचारतात ते मी ऐकलंय: पडदे कोणत्या रंगाचे आणि मायक्रोवेव्ह चालतो का. अशांच्या हितासाठी ही रोजनिशी लिहून ठेवतो. भिंतीवर बोटांनी ठोकून पाहा, आत ओल असेल तर आवाज बद्द येतो. संडासाची टाकी स्वतः उघडून पाहा, नाक धरून. आणि विकणाऱ्याच्या आईशी बोलत बसू नका.

विकणारा रणधीर. त्याचे वडील उत्तरेश्वर यांनी जुन्या बसमध्ये बिछाने नि ओटा बसवून घेतला, तिच्यातच राहिले नि तिच्यातच गेले. मरणवेळेचं नक्षत्र वाईट निघालं म्हणून या लोकांनी रीतीप्रमाणे घर सोडलं. म्हणजे दाराला बाभळीची काटी लावायची आणि काही महिने आत पाऊल टाकायचं नाही. तोवर घर मेलेल्याचं. बसलाही घराचा नियम. रणधीरला थांबायचं होतं, घाई मीच केली. त्याची आई विठाबाई म्हणाल्या, मुदत सरंपतुर आत ऱ्हाऊ नका. मी म्हटलं, मावशी, तुम्ही घर सोडता, मी घरच गावाबाहेर नेतो. काटी काढून गटारात टाकली. निकिता, माझी बायको, हसली नाही. तिला विनोद उशिरा कळतात.

४ फेब्रुवारी, बेंबळी

ओळखीच्यांच्या शेतात गाडी लावली. हुरडा, लसणाची चटणी, कोवळं ऊन. मजा आहे. निकिता म्हणते, मागच्या बिछान्यावर कुणी झोपल्यासारखा खड्डा पडतो, कितीही झटकला तरी परत पडतो. सल्ला: विकणाऱ्याची गादी ठेवू नका. एवढंही न कळणाऱ्यांनी तंबूत राहावं.

५ फेब्रुवारी

नवख्यांना हे कुणी सांगत नाही: गाडीचं वजन करून घ्या. वजनकाट्यावर गेलो, आम्ही दोघं खाली उतरलो. काटेवाला लिंबाजी आकडा सांगेना. म्हणाला, आतल्या बाबांना बी उतरवा साहेब. मी दार उघडून रिकामी गाडी दाखवली. त्याने आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि गाडी न्या म्हणाला. असल्या बावळटांच्या हाती काटे देतात.

६ फेब्रुवारी

निकिताने ओढणी डोक्यावर घेतली. लग्नातसुद्धा तिच्या डोक्यावर पदर टिकला नव्हता. मागच्या बिछान्यापाशी गेली की घेते, पुढे आली की खाली. विचारलं तर म्हणाली, मी कधी घेतली? मी टिंगल केली. दुपारी तिने एक ताट वाढून मागे नेऊन ठेवलं. नंतर पाहिलं तर भाकरीचा घास मोडलेला. उंदीर असणार. गाडी घेताना उंदरांची—

मला भीती वाटते. लिहूनच टाकतो.

७ फेब्रुवारी

रणधीरला फोन केला. बोलल्या विठाबाईच. पोरीला घिऊन खाली उतरा, एक माणूस जरी आत ऱ्हायलं तर घर सुटत न्हाय. मी उतरलो. निकिता दारातच थांबली. मामंजींना एकटं टाकून कशी येऊ, म्हणाली. माझे वडील आमच्या लग्नाआधीच वारले. तिने सासरा पाहिलेलाच नाही.

हात धरून ओढलं. हलेना. समोर रस्ता, एसटी चाललेली. मी एकटा सुटलो असतो. पण तिला इथे सोडून कुठे जाणार? परत आत चढलो.

८ फेब्रुवारी

दार आतून उघडत नाही. फोन बंद. हाका मारतो निकिताला— ती ओ देते, पण मागच्या बिछान्याकडे बघून—

ज्यांना हसलो ते सगळे बाहेर आहेत.

९ फेब्रुवारी

जरा पाठ टेकली. मागेच, दुसरीकडे जागा कुठे— खड्डा माझ्या मापाचा—

आता निकिता माझ्यासमोरही ओढणी घेते. नजर खाली. अगं मी अमर, म्हटलं. हो मामंजी, म्हणाली.

मी अमरसिंह. कळंबचा. माझी बायको— तिचं नाव—

सून गुणाची हाय. जेवाय वाढतीया. म्या सांगतो, गाडी घेणाऱ्यानं आदी इचारावं, आत कोण ऱ्हातंय. ह्या येड्यानं इचारलं न्हाय. आजून मदीमदी आतून वरडतो, बायकूचं नाव घेतो. लई शाना समजत हुता. हुईल गप. घास गिळला की—