बांधाची तिची बाजू

४ सप्टेंबर
बांध आमचा आणि धाकट्या जावेचा सामाईक. माझी बाजू लख्ख, तिच्या बाजूला गुडघाभर गवत! त्याला लोंब्यासुद्धा आल्यात. हटकलं तर म्हणे, "कापते हो ताई, जरा सवड मिळू दे." पंधरा दिवस झाले, बाईसाहेबांना सवड नाही.

७ सप्टेंबर
त्या गवतात लांब पायांचे हिरवट किडे. एक चिरडला — शी! ढेकणासारखा वास. तीनदा हात धुतले.

१२ सप्टेंबर
जाऊ माहेरी गेलीय, आईला बरं नाही तिच्या. तिच्या भाताला लोंब्या आल्यात, माझं अजून पोटरीत, लोंबी बाहेर पडायचीय. विळा घेतला आणि तिची बाजूही साफ केली. कंबर मोडली. हे म्हणाले, "नसती उठाठेव!" पण मला बघवतच नाही ती घाण, काय करू?

१५ सप्टेंबर
काहीच कळेना. माझ्या शेतात एक किडा नाही, तिच्या लोंबीलोंबीवर आहेत! गवत होतं तेव्हा तिच्या भातावर नव्हते, मी रोज बघत होते. मग आले कुठून? हे म्हणतात पाण्यातून. सासूबाई म्हणतात खतातून. पाण्यातून असते तर माझ्याकडे का नाहीत?

१६ सप्टेंबर
आणखी वाढलेत.

२० सप्टेंबर
शेतकी खात्याचा माणूस आला होता. जावेच्या शेतातली लोंबी त्यानं बोटात दाबली — पोचट. दाण्यातलं दूध किड्यांनी शोषलंय.

"बांधावर गवत होतं का?"

होतं की, मीच कापलं! तोऱ्यात सांगितलं मी.

"कधी?"

बारा तारखेला. तो मान खाजवत राहिला. मग म्हणाला, "गवताला लोंब्या यायच्या आधी कापलं असतं तर किडे वाढलेच नसते. आता तुम्ही त्यांच्यापुढचं ताट ओढलंत, आणि शेजारी दुसरं वाढलेलंच होतं."

करायला गेले एक! पण मग चूक कुणाची? तिनं वेळेत कापलं नाही ती, की मी अवेळी कापलं ती? कधी वाटतं तिची, कधी वाटतं माझी. डोकं भणभणतंय. तिच्या घरची पाच माणसं वर्षभर याच भातावर जेवतात. तिला सांगायलाच हवं.

२१ सप्टेंबर
जाऊ परत आली. आईची चौकशी करत बसले. सांगायचं राहिलं.

२३ सप्टेंबर
आज नक्की सांगणार होते.

२४ सप्टेंबर
सकाळी तीच आली. डोळे सुजलेले. "ताई, चूक माझीच. तुम्ही सांगत होतात, मी टाळलं. तुम्ही माझी बाजूसुद्धा कापलीत, तरी उशीर झाला. माफ करा मला."

मी माफ केलं.