सारीतेपेच्या नगराध्यक्षाची बायको

मी, वसुधा मोहरीर, वय ६९, निवृत्त सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, राहणार बॉथेल, वॉशिंग्टन, हे पूर्ण शुद्धीवर व स्वखुशीने लिहीत आहे. लिहिताना रडू आलं, म्हणून भान सुटलं असं कुणी म्हणू नये.

१. बॉथेलचं घर व माझी सर्व बचत एकुलती मुलगी केया हिला मिळावी. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

२. माझा दिवंगत नवरा तुर्गुत इथे पाणीपुरवठ्याचा इंजिनियर होता. त्याचे पाने-पकडी शेजारच्या संजीवला द्याव्यात. आईच्या आजारपणात तुर्गुत तुर्कस्तानात, सारीतेपे या आपल्या गावी गेला. वरच्या वस्तीतले नळ कोरडे पाहून तिथेच निवडणुकीला उभा राहिला. २११ मतांनी नगराध्यक्ष झाला, त्या दिवशी फोनवर म्हणाला, "वसू, आता तू ये."
"केयाचं कॉलेज संपू दे."
कॉलेज संपलं. मी गेले नाही. वस्तीत पाणी आलं, आणि दुसऱ्या निवडणुकीनंतर लोकांनी त्याला खांद्यावरून नगरपालिकेत नेलं. तो फोटो केयाला द्यावा.

३. तुर्गुतचा तेव्हाचा उपाध्यक्ष राशित याने सांत्वनाला पाठवलेला गालिचा परत करावा. सोबत चिठ्ठी नको. नदीपात्रातल्या इमारतींना तुर्गुतने परवानगी नाकारली, तेव्हा याच माणसाने खोटी साक्ष देऊन त्याची खुर्ची घेतली. तुर्गुतच्या अटकेच्या सकाळी गावाने खिडक्या लावून घेतल्या. गावावर माझा राग नाही. त्यांना तिथेच राहायचं होतं. राशितला माफी नाही.

४. तुरुंगातून तो म्हणायचा, "येऊ नकोस, तुलाही अडकवतील." त्याने मनाई केली, असं मी सगळ्यांना सांगत आले. खरं हे, की मला हायसं वाटलं होतं. तीन वर्षांनी तो आजारी पडून सुटला. त्याचा पासपोर्ट जप्तच होता. तेव्हा मात्र "ये" म्हणाला. मी दोनदा तिकीट काढलं, दोनदा कॅन्सल केलं. भीतीने. तो गेला, आणि चाळीस दिवसांनी तो निर्दोष असल्याचा निकाल आला. केयाने तो निकाल सारीतेपेला नेऊन वरच्या वस्तीत मोठ्याने वाचावा. तिला तुर्की येतं. मी कधी नीट शिकले नाही.

५. माझं दहन इथेच करावं. केया म्हणते, "आई, प्लीज, ॲशेस तरी बाबांजवळ नेऊ दे." नेऊ नयेत. तो जिवंत असताना त्याच्या शेजारची जागा बारा वर्षं रिकामी होती. आता त्याच्या मातीत ती मागायला मला तोंड नाही.

सही: वसुधा मोहरीर
आमच्यासमोर सही झाली: यतीन गोडसे, रेणू चौबळ
बॉथेल, १४ ऑक्टोबर २०२५