जेवणानंतरची गोळी

आई, आज जालन्याला जाऊन हृदयाची सोनोग्राफी करून आले. सोबत तुझी नात होती. डॉक्टरांनी पडद्यावर माझं हृदय दाखवलं. बरीच वर्षं रक्तदाब चढा राहिला की जोर लावून लावून हृदयाची भिंत जाड होते म्हणाले, आणि वय वाढतं तसे त्या स्नायूत व्रणासारखे कडक धागे तयार होतात. असं हृदय आवळतं, पण नीट सैल होत नाही, म्हणून दम लागतो. "गोळ्यांनी पुढचं थोपवता येईल, पण झालेला व्रण जात नाही," हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मला रागच आला. राग त्यांचा नव्हता, तुझा होता.

कारण पडद्याकडे बघताना मला तूच दिसत होतीस. घनसावंगीचं आपलं स्वयंपाकघर. भाकरी थापता थापता तू थांबतेस, पिठाचा हात परातीत तसाच ठेवून श्वास घेतेस. "काही न्हाई गं, जरा दम लागून राह्यला," म्हणतेस आणि पुन्हा थापायला लागतेस. शेवटी तर तुला आडवं होता येईना, भिंतीला टेकून बसल्या बसल्या डोळे मिटायचीस. आम्ही सगळे आपले, वय झालं, वय झालं म्हणत राहिलो. दवाखान्यातून तुला रक्तदाबाची गोळी मिळाली होती, रोज जेवणानंतर घ्यायची. तू ती नेमानं घ्यायचीस, फक्त उपासाच्या दिवशी नाही. आणि तुझे उपास काय थोडे होते? सोमवार, गुरुवार, शनिवार, वर चतुर्थी, एकादशी.

एकदा मी चिडले. "अगं, खिचडी खाल्लीस ना पोटभर? घे की गोळी!"

"खिचडी म्हंजे जेवण हाय का? डॉक्टरनंच बजावलंय, जेवल्यावर घ्या. उपाशीपोटी बाधली मंग?" वर मलाच दटावलंस, "तुला लेकरू व्हावं म्हणून धरलेत उपास. तू मधी बोलू नको बिलकुल."

लेकरू झालं. जांबला जाऊन तू नवस फेडलास, पण उपास काही सोडले नाहीस, आता नातीला काही होऊ नये म्हणून. मला तेव्हा तुझं कौतुक वाटायचं.

आज डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणाला हा त्रास होता?" लेक शेजारीच बसली होती. तिच्यासाठी धरलेल्या उपासांपायी तुझ्या गोळ्या चुकल्या, हे तिच्यासमोर कसं सांगू? मी म्हणाले, "नाही. आई म्हातारपणानं गेली." डॉक्टरांनी तसंच लिहून घेतलं. खरं सांगितलं असतं, तर तिलाही आतापासून रक्तदाब तपासत राहा म्हणाले असते. हे तुला लिहून काय उपयोग, ते मला कळतं. सांगायला हवं ते तिलाच. ती आत्ता समोर बसून जेवते आहे, आणि मी अजून काही बोललेले नाही.