सफरचंदांची तीन खोकी

मी, याच घरात जन्मलेली आणि याच घरात म्हातारी झालेली, सगळ्या गल्लीला फुलवाली थोरली म्हणून माहीत असलेली, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा कंद फुलवणे, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघे तपासत नाही असे वकीलबाई म्हणाल्या. मला कोणी धाक दाखवलेला नाही की गोड बोलून भुलवलेले नाही. भुलवायला येणारा एकच माणूस आहे, त्याचा समाचार कलम दोनमध्ये घेतला आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. वेळेवर न केलेल्या गोष्टी माझ्या आयुष्यात पुष्कळ आहेत, त्यातलीच ही एक.

कलम १. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर, रस्त्याकडची मोठी खिडकी आणि खालचे तळघर हे सगळे माझ्या धाकट्या बहिणीला द्यावे. तिला पुढे धाकटी असेच लिहिते. ती नको म्हणेल. तरी तिलाच द्यावे.

कलम २. माझ्या आतेभावाला काही देऊ नये. तो चार वर्षांपासून दर महिन्याला माझ्या तब्येतीची विचारपूस करायला येतो आणि बोलता बोलता पावलांनी खोली मोजतो. त्याने तक्रार केली तर सांगावे, खोली साडेसतरा पावले भरते, मोजायला पुन्हा यायची गरज नाही.

कलम ३. बँकेत जे काही असेल त्यातून माझे शेवटचे सोपस्कार साधेपणाने उरकावेत आणि उरेल ते भाचीला द्यावे. दुकानातली फुले आणू नयेत. जन्मभर मी फुले विकली, मेल्यावर दुसऱ्याची विकत घेणे बरे दिसत नाही.

कलम ४. धंद्याचे सामान भाचीला द्यावे. ते असे: भिंतीवर टांगायच्या दोन उष्णतामापक नळ्या, अरुंद गळ्याच्या एकतीस काचेच्या बरण्या, हातमोज्यांचे चार जोड (हायसिंथचे कंद उघड्या हाताने चाळले की अंगभर खाज सुटते, हे तिने विसरू नये), कागदी टोप्यांचा डबा आणि आठवड्यांची वही.

हा धंदा काय आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्यासाठी लिहिते. हायसिंथसारखी, वसंतात उमलणारी घोसदार सुवासिक फुले ऐन हिवाळ्यात, घरात, खिडकीत उमलवायची. त्यासाठी कंदाला फसवावे लागते. शरदात कंद कुंडीत लावून तळघरात ठेवायचा. अंधार आणि गारठा, पण पाणी गोठेल इतका नाही. तेरा ते चौदा आठवडे. कंदाला वाटते हिवाळा येऊन गेला. मग दोन बोटे कोंब दिसला की कुंडी वर आणायची, देठ उंच व्हावा म्हणून कोंबावर कागदी टोपी घालायची, आणि हळूहळू ऊब नि उजेड द्यायचा. एका आठवड्याची घाई केली तरी फूल पानांतच बसून राहते. घाई माझ्या स्वभावात आहे. धाकटीच्या नव्हती. खरा हात तिचा होता. मी विकायची तेवढी.

भाची आता पंचवीस वर्षांची आहे आणि चष्म्याच्या दुकानात काचा घासते. दर हिवाळ्यात ती माझ्या खिडकीशी येऊन उभी राहते. तीन वर्षांपूर्वी म्हणाली, "मावशी, मला शिकव ना हे." मी म्हटले, आईला विचार. तिने विचारले. धाकटी तिला म्हणाली, "नको गं बाळा, आपल्या हाताला ते नाही."

हे ऐकल्यापासून मला हे मृत्युपत्र लिहायचे होते. तीन वर्षे लागली.

कलम ५. सध्या तळघरात चाळीस कुंड्या आहेत. डावीकडच्या फळीवरच्यांना अकरा आठवडे झाले, उजवीकडच्यांना नऊ. माझे काही बरेवाईट झाले तर त्या कोणी मायेपोटी लवकर वर आणू नयेत.

कलम ६. हे कलम माझ्या पश्चात धाकटीला वाचून दाखवावे.

चौतीस वर्षांपूर्वी धाकटीचे लग्न जानेवारीत ठरले. लग्नाचा हॉल पांढऱ्या हायसिंथने भरायचा असे आम्ही दोघींनी ठरवले. दोनशे चाळीस कुंड्या. धाकटीने त्या लावल्या आणि तळघर सांभाळले. सकाळ-संध्याकाळ खाली उतरून ती गारठा बघायची, वहीत लिहायची. लग्नाला आठ दिवस राहिले तेव्हा तिची होणारी सासू फुले बघायला आली. आम्ही कुंड्या वर आणल्या होत्या. नुसती पाने. मी एक कुंडी उचलली, पाने फाकवली, आत कळी तपकिरी होऊन वाळलेली. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. एकही कंद धड नव्हता.

माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी सासूसमोर म्हणाले, "लग्नाच्या नादात हिनं दार उघडं टाकलं तळघराचं, गारठा गेला सगळा." धाकटी म्हणाली, "ताई, मी दार एकदाही उघडं टाकलं नाही. वही बघ." मी वही बघितली नाही. मी म्हणाले, "वही काय बघायचीय! हिच्या हातून काही फुलायचं नाही की फळायचं नाही."

असे शब्द मी नवऱ्या मुलीबद्दल तिच्या सासूसमोर उच्चारले.

लग्न झाले, बिनफुलांच्या हॉलमध्ये. धाकटी पुन्हा तळघरात उतरली नाही. तिने लाँड्रीत इस्त्रीचे काम धरले आणि आजही तेच करते. लग्नानंतर नऊ वर्षे तिला मूल झाले नाही. तिची सासू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, सख्ख्या बहिणीनेच सांगितले होते हो आम्हाला, आम्हीच कानाडोळा केला. हे माझ्या कानावर येत होते.

आठव्या वर्षी कंदांचा व्यापारी माल घेऊन आला. ओट्यावर सफरचंदे बघून तो सहज म्हणाला, "बाई, ही खाली कंदांपाशी ठेवत नाही ना? पिकताना ती एक वायू सोडतात, नाकाला कळतही नाही, पण कळी आतल्या आत मरते. पानं येतात, फूल नाही."

मी खुर्चीवर बसले. त्या हिवाळ्यात लग्नाच्या पाहुण्यांसाठी मी सफरचंदांची तीन खोकी आणली होती. स्वयंपाकघरात लग्नसामानाने पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून मीच ती तळघरात, कुंड्यांच्या खालच्या फळीवर ठेवली होती. धाकटी तेव्हा म्हणाली होती, "ताई, खाली वास कोंडतोय यांचा." मी म्हटले होते, वासाने काही कोणी मरत नाही.

आठव्या वर्षी मला हे कळले आणि मी तिला सांगितले नाही. ती तेव्हा दवाखान्याच्या खेपा घालत होती. मी रोज म्हणायचे, उद्या जाते. तिचे घर इथून तीन गल्ल्या. पुढच्या वर्षी भाची झाली. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि स्वतःला म्हटले, चला, मिटले, आता जुनी मढी कशाला उकरा. माझ्यापुरते मिटले होते. मी नीच वागले. याहून सभ्य शब्द मला सापडत नाही.

इथवर सोमवारी लिहून झाले.

मंगळवारी शेजारचे घड्याळजी साक्षीदार म्हणून सही करायला आले. वकीलबाईंनी सांगितले होते की साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, सही बघितली की पुरे. पण घड्याळजींनी आयुष्यात कुठलीही वस्तू उघडून बघितल्याशिवाय परत दिलेली नाही. त्यांनी चष्मा पुसून सगळे वाचले आणि पेन खाली ठेवले.

"बाई, हे तुम्ही गेल्यावर वाचायचं?"

"हो."

"मग त्या भांडणार कोणाशी? तुमच्या फोटोशी?"

मी म्हटले, तुम्ही सही करा. ते म्हणाले, "सही करतो, पण परवा." आणि निघून गेले.

बुधवारी दुपारी मी निरोप पाठवून धाकटीला बोलावले. ती लाँड्रीतून थेट आली. हातावर इस्त्रीचे जुने डाग आहेत तिच्या. मी बोलण्याऐवजी हेच कागद तिच्यापुढे सरकवले. तिने उभ्या उभ्या वाचले, मग बसून पुन्हा वाचले.

"आठव्या वर्षी कळलं तुला?"

"हो."

"सफरचंदांचं जाऊ दे. ते कोणालाच माहीत नव्हतं. पण कळल्यावर, ताई? सव्वीस वर्षं?"

मी चहाचा कप तिच्यापुढे ठेवला.

"सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली," ती म्हणाली. "दोन वर्षं अंथरुणावर होत्या. सगळं मी केलं. पण पाण्याचा पेला माझ्या हातून घ्यायच्या नाहीत. आधी टेबलावर ठेवायला लावायच्या, मग उचलायच्या. शेवटच्या दिवशीसुद्धा." ती रडली नाही. "त्या असताना सांगायचं होतंस गं."

मी म्हटले, चुकले, माफ कर. ती म्हणाली, "घर देऊन मिटवायला निघालीस होय? मला काही देऊ नकोस. माझी पोरगी माझ्याकडून ऐकून बसलीय की आपल्या हाताला ते नाही. तिच्यासमोर सांग. रविवारी सुट्टी असते तिला. कागद वाचायचा नाही, तोंडानं सांगायचं, आणि सांगताना माझ्याकडं बघायचं."

"आणि मग?"

"मगचं मला काय माहीत!" म्हणाली आणि गेली. चहा तसाच राहिला.

कलम ७. सबब, कलम सहा माझ्या पश्चात वाचून दाखवण्याची सूचना मी रद्द करते. ते मी रविवारी स्वतः बोलणार आहे. त्याआधी मला मरण आलेच तर घड्याळजींनी ते भाचीसमोर मोठ्याने सांगावे, एक शब्दही सौम्य न करता. पण ही वेळ त्यांच्यावर येऊ नये अशी माझी इच्छा आहे. मरणाला मी फारशी भीत नाही. रविवारला भिते.

कलम १ कायम. ती नको म्हणाली आहे. तरी तिलाच द्यावे.

वरील मजकूर माझ्याच अक्षरात आहे. मध्ये कुठे अक्षर हलले असेल तर ते वयामुळे नव्हे.

सही: थोरली

साक्षीदार पहिले: शेजारचे घड्याळजी. सगळे वाचून सही केली.

साक्षीदार दुसऱ्या: समोरच्या इमारतीतल्या नर्सबाई. न वाचता सही केली, थोरल्या बाई शुद्धीवर आहेत एवढे नाडी बघून सांगते.

ठिकाण: स्वयंपाकघरातले टेबल.

दिनांक: एकवीस जानेवारी, गुरुवार. रविवारला तीन दिवस.