म्यूट काढायचा नाही

३ मार्च, सकाळ
प्रार्थना झाली. देवासमोर ठरवलं: प्रार्थनामंडळाच्या बँडमधली मामंजींची रिकामी खुर्ची मीच भरणार. ते गेले, पण त्यांचा ट्यूबा, ते भलंमोठं पितळी फुंकवाद्य, घरात आहे. छातीत दम आहे. मॅट्रिकला तरी कुठे क्लास लावला होता? रविवारी, २४ ला, परीक्षा. जाऊबाई हसल्या. हसू देत.

६ मार्च
खालच्या शिंपीणबाई वर आल्या. म्हणाल्या, वहिनी, घरात कुणी आजारी आहे का, सारखं कण्हणं ऐकू येतं. सूर कळायला कान लागतो!
बँडमास्तरांकडून म्यूट आणला. बादलीएवढं लाकडी बूच. ट्यूबाच्या तोंडात बसवलं की आवाज खोलीतच राहतो. मास्तरांनी बजावलं: कॉर्कच्या पट्ट्यांवर तोंडाची गरम वाफ सोडून फिरवत बसवा, वाजवून झालं की काढा, पुसा, वाळवा.

७ मार्च
रोज काढ-घाल केली तर कॉर्क झिजणार. परक्याची वस्तू. माझे चांगले कप पंधरा वर्षं कपाटात आहेत, एकाचाही टवका उडालेला नाही. म्यूट बसवला तो बसवला. आता २४ लाच काढायचा.

१३ मार्च
आठवडा झाला, शिंपीणबाईंची तक्रार नाही. माझी प्रगती उघड आहे. हे म्हणाले, अगं, एकदा तो काढून ऐक तरी. म्हटलं, तुम्ही आपला पेपर वाचा.

१८ मार्च
म्यूटमधून कोंदट वास. मागच्या भोकातून डांबराच्या दोन गोळ्या सोडल्या. वाजवताना खुळखुळतात. तालाची आयती सोय.

२४ मार्च, दुपार
परीक्षेला मंडळाच्या सभागृहात गेले, तर म्यूट निघेना. ओल लागून फुगला होता. मास्तरांनी ओढला, मी ओढला, जाऊबाईंनी हसत हसत ओढला. शेवटी यांनी ट्यूबा मांडीवर घेतला आणि हळूहळू फिरवत काढला. गोळ्या घरंगळत पहिल्या रांगेत गेल्या.
मी वाजवलं. सभागृहच तसं आहे. भिंती आवाज खराब करतात. मास्तर म्हणाले, नळीत अजून काही अडकलंय का बघा. यांनी बघायला म्हणून फुंकलं. खिडक्यांच्या काचा गुणगुणल्या. मास्तर उठून उभे राहिले.
घरी येताना विचारलं, हे कधी शिकलात? म्हणाले, लहानपणी बाबांनी शिकवलं होतं. तू कधी विचारलंच नाहीस.

३१ मार्च
खुर्ची यांना मिळाली. म्हणजे घरातच आली, आणि ती माझ्या निश्चयामुळे. हे म्यूट न लावता वाजवतात. शिंपीणबाई मशीन थांबवून ऐकतात. त्या बाईला कान नाही तो नाहीच.
यांची कंबर धरते. म्हणून दर रविवारी ट्यूबा मंडळात पोचवायचं काम माझ्याकडे. मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, हे वहिनीच करू जाणे. दोन जिने, एकटीने. जाऊबाईंना जमेल का म्हणावं!