पाखाडीवरची वाळू

मुकादम, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली. तुम्हाला वाचता येत नव्हतं. हे पत्र तुमच्या हयातीत आलं असतं तर तुम्ही ते माझ्याकडूनच वाचून घेतलं असतं आणि मध्येच हसला असता.

पन्नासच्या दशकातली ती शेवटची वर्षं. डिप्लोमा घेऊन मी घाटावरून थेट मालवणजवळच्या तुमच्या गावी आलो, लोकल बोर्डाचा ओव्हरसियर म्हणून. पायांत कोरे बूट, डोक्यात हवा. श्रावणभर पाऊस खाऊन जांभ्या दगडांच्या पायऱ्यांच्या उतरत्या वाटेवर, पाखाडीवर, हिरवंगार शेवाळ धरलेलं, आणि चतुर्थी दोन दिवसांवर. मूर्ती घडवतात ती गणपतीची शाळा वर, घरं खाली किनाऱ्याला. त्याच पाखाडीवरून माणसं डोक्यावर मूर्ती घेऊन उतरणार. मूर्ती भंगली तर त्या घराला वर्षभर चैन पडत नाही, हे मला नवं होतं. मी म्हटलं, समुद्र समोर आहे, वाळू आणून पसरा, झालं काम.

"सायबानू, दर्याची रेव घालू नकात," तुम्ही म्हणालात. "ती पायाखाली फिरता. शेवाळ खरवडून खडीची बारीक कच घालूया. येळ लागात, पण पाय थारतलो."

मी ऐकलं नाही. ओव्हरसियर कोण, तुम्ही की मी, असंही वर बोललो. तुम्ही मुकाट्यानं वाळू पसरलीत.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी शाळेपुढे माणसांची रांग लागलेली. तुम्ही सगळ्यांना मागे सारता, आपल्या घरचा गणपती पाटासकट डोक्यावर घेता आणि अनवाणी निघता. सातव्या-आठव्या पायरीला पाय सरकतो. मूर्ती छातीशी धरून तुम्ही गुडघ्यावर आपटता. धोतर लाल होतं. मूर्तीच्या सोंडेला ओरखडासुद्धा नाही.

"काय झाला ओ?" वरून कुणीतरी ओरडलं.

"काय नाय. माजोच पाय चुकलो." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणालात, "मी देवाक सांबाळलंय, देवान माजो गुडघो सांबाळूक व्हयो हुतो. आता कच आणूया?"

सगळे गणपती परत शाळेत ठेवले. मी बूट काढले आणि तुमच्या माणसांबरोबर घमेली वाहिली. दुपारपर्यंत शेवाळ खरवडून झालं, कच पसरली गेली. मग तुम्ही माझ्या डोक्यावर पाण्यानं भरलेली कळशी दिलीत. "उतरा. बुटांका रस्तो काय कळता?" मी उतरलो, पाणी हिंदकळलं, पण पडलो नाही. त्यानंतरच गणपती निघाले.

पुढची तीस वर्षं मी केलेला प्रत्येक उतार आधी स्वतः अनवाणी उतरून पाहिला. हाताखालची पोरं हसायची. हसू देत. मला कॉलेजात जे शिकवलं ते बरंचसं विसरलो. तुम्ही शिकवलेलं अंगात राहिलं. तुमचे उपकार मी कधी तोंडानं मानले नाहीत, ते आज मानतो.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणूनच एक गोष्ट लिहायला धजतोय. त्या सकाळी तुम्ही सगळ्यांच्या आधी का निघालात, हे मला तुम्ही पाट उचललात तेव्हाच कळलं होतं. "थांबा" म्हणायला वेळ होता, मुकादम. रांगेतली माणसं बघत होती, म्हणून मी म्हटलं नाही.